चाचणीची भाषा आणि घरची भाषा : वाशीम जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

१

शालेय चाचणी हा विषय सामान्यतः शिक्षणशास्त्राच्या कक्षेतील समजला जातो. प्रश्नांची काठिण्यपातळी, गुणांची विभागणी, उत्तीर्णांचे प्रमाण ह्यांचा विचार त्या शास्त्राने पुष्कळ केला आहे. पण कोणताही प्रश्न हा आधी एक वाक्य असतो आणि नंतर गणिताचा, विज्ञानाचा किंवा बुद्धिमापनाचा प्रश्न असतो. ह्या साध्या गोष्टीकडे आपण भाषेच्या अभ्यासकांनी जितके लक्ष द्यावयास हवे होते तितके दिलेले नाही. शाळा चालू असेपर्यंत ही उणीव फारशी जाणवली नाही, कारण प्रश्नाचे वाक्य आणि विद्यार्थी ह्यांच्यामध्ये शिक्षक उभा होता. २०२० ते २०२२ ह्या काळात शाळा बंद झाल्या अथवा अर्धवट उघडल्या, शिक्षण दूरस्थ किंवा मिश्र स्वरूपाचे झाले आणि चाचणी घरात आली. तेव्हा हा मधला मनुष्य नाहीसा झाला, आणि त्याचे काम घराने करावे अशी अपेक्षा निर्माण झाली.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : त्या काळात कुटुंबांना प्रमाणित चाचण्यांसाठी तयार करण्याचे जे प्रयत्न झाले, ते साधनांच्या आणि अभ्यासक्रमाच्या बाबतीत झाले, भाषेच्या बाबतीत झाले नाहीत. चाचणीची भाषा ही प्रमाण मराठीचेच परंतु तिच्याहून निराळे असे एक कार्यविशिष्ट रूप आहे. ते घरांना कोणी शिकविले नाही, आणि ते येत नाही म्हणून जे गुण गेले ते मुलाच्या आकलनाच्या खात्यावर मांडले गेले. वाशीम जिल्हा ह्या विवेचनासाठी निवडण्याचे कारण असे की, तेथे घरची भाषा आणि चाचणीची भाषा ह्यांतील अंतर एकाच नव्हे तर अनेक बाजूंनी दिसते.

२

प्रथम घटनाक्रम पाहू. मार्च २०२० मध्ये राज्यातील शाळा बंद झाल्या. त्यानंतर राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ हा उपक्रम चालविला आणि अभ्याससाहित्य व्हॉट्सॲपवरून पालकांपर्यंत पोचू लागले. २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. नोव्हेंबर २०२० मध्ये ‘स्वाध्याय’ ही योजना आली. तीत विद्यार्थ्यास दर आठवड्यास बहुपर्यायी प्रश्न व्हॉट्सॲपवरच सोडवावयाचे होते. पाचवी ते आठवीचे वर्ग २७ जानेवारी २०२१ पासून उघडण्यास अनुमती मिळाली. परंतु फेब्रुवारीत साथ पुन्हा बळावली. त्याच महिन्यात वाशीम जिल्ह्यातील रिसोड तालुक्यात, देगाव येथील एका निवासी शाळेच्या वसतिगृहातील २२९ विद्यार्थी बाधित आढळले. अशा बातमीनंतर मुलाला वर्गात पाठविण्यास कोणते घर सहज तयार होईल?

१ जुलै २०२१ पासून दुसरी ते दहावीसाठी पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यासक्रम सुरू झाला. मागील इयत्तेतील राहून गेलेला भाग भरून काढणे हा त्याचा हेतू होता व त्यात तीन चाचण्या होत्या. पाठोपाठ ११ ऑगस्ट २०२१ रोजी जवाहर नवोदय विद्यालयाची निवड चाचणी झाली आणि १२ ऑगस्टला महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची पाचवी व आठवीची शिष्यवृत्ती परीक्षा झाली. ह्या दोन्ही परीक्षा लांबत गेल्या होत्या. त्यामुळे पाचवीची म्हणून दिलेली परीक्षा मुलाने सहावीत गेल्यावर दिली. सहावीतील एखाद्या होतकरू मुलाच्या दृष्टीने पाहिले तर सेतूच्या चाचण्या, नवोदय आणि शिष्यवृत्ती ही सारी सहा आठवड्यांच्या आत आली, आणि त्या सहा आठवड्यांत त्याचा वर्ग नियमितपणे भरत नव्हता. ग्रामीण भागातील पाचवीपासूनचे वर्ग राज्यात ४ ऑक्टोबर २०२१ ला उघडले.

१२ नोव्हेंबर २०२१ रोजी राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण झाले. त्यात तिसरी, पाचवी, आठवी व दहावीचे विद्यार्थी होते. पहिली ते चौथीचे वर्ग राज्यात १ डिसेंबर २०२१ पासून सुरू झाले. म्हणजे तिसरीच्या मुलाचे मापन त्याचा वर्ग उघडण्याच्या एकोणीस दिवस आधी झाले. आणि हे मूल ह्यापूर्वी वर्गात नियमित बसले होते ते पहिलीत असताना.

ह्या क्रमावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ह्या काळात शिकविणे थांबले तरी मापन थांबले नाही. मापन करू नये असे कोणी म्हणणार नाही. किंबहुना अशा वेळी ते अधिकच आवश्यक असते. प्रश्न एवढाच की, मापनाचे वाक्य मुलापर्यंत कोणी पोचविले?

३

वाशीम हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झाला. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ११,९७,१६०, आणि तीपैकी पाचांतील चारांहून अधिक लोक खेड्यांत राहणारे. २०१८ मध्ये केंद्र शासनाने आकांक्षित जिल्ह्यांची जी योजना सुरू केली तीत महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांमध्ये वाशीमचा समावेश झाला, आणि त्या योजनेत शिक्षण हा मापनाचा एक प्रमुख विषय आहे.

भाषेच्या अभ्यासकास ह्या गावाचे नाव दुसऱ्या कारणाने परिचित आहे. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी, जुने वत्सगुल्म. राजशेखराने काव्यमीमांसेत ह्या नगराचा उल्लेख केला आहे, आणि ‘वच्छोमी’ हे रीतीचे नाव ह्याच नगरावरून आले असे अभ्यासक मानतात. बोलण्या-लिहिण्याच्या एका शैलीला ज्या गावाने नाव दिले, त्याच्या परिसरातील मुलांच्या बोलण्याची आज कोणत्याही प्रश्नपत्रिकेस ओळख नाही, हे नमूद केल्यावाचून राहवत नाही.

ह्या परिसरातील बहुसंख्य मुले वऱ्हाडी बोलतात. ‘मला’ ऐवजी ‘मले’, ‘डोळा’ ऐवजी ‘डोया’, ‘पाणी’ ऐवजी ‘पानी’ ही तिची सर्वपरिचित लक्षणे. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान असून जिल्ह्यातील अनेक तांड्यांवर गोरमाटी ही घरची भाषा आहे. ती मराठीची बोली नसून राजस्थानी गटाशी संबंध असलेली स्वतंत्र भाषा आहे. कारंजा, मंगरूळपीर आणि वाशीम ह्या गावांत उर्दू भाषक कुटुंबेही आहेत. अशा रीतीने एकाच इयत्तेतील तीन मुले प्रमाण मराठीच्या त्याच एका वाक्याकडे तीन निरनिराळ्या अंतरांवरून येतात.

४

आता चाचणीच्या भाषेकडे वळू. पुढील उदाहरणे नमुन्यादाखल मी स्वतः रचली आहेत. पण त्यांची ठेवण कोणत्याही सराव प्रश्नपत्रिकेच्या वाचकास ओळखीची वाटेल.

पहिले लक्षण शब्दांचे. पर्याय, विधान, विसंगत पद, अनुक्रमे, पुढीलपैकी, उताऱ्याच्या आधारे, गाळलेली जागा ही चाचणीची नाणी आहेत. ह्यांतील काही शब्द मुलाला ठाऊकच नसतात. काही ठाऊक असतात, पण वेगळ्या अर्थाने, आणि ही दुसरी जात अधिक फसवी. घरात ‘पर्याय नाही’ म्हणजे इलाज नाही. चहा, दूध किंवा तेल गाळतात, जागा गाळीत नाहीत. ‘पद’ म्हणजे देवळातले भजन अथवा ग्रामपंचायतीतले स्थान. ‘विसंगत पद ओळखा’ आणि ‘गटात न बसणारा शब्द ओळखा’ ह्या दोन वाक्यांनी मागितलेले बौद्धिक काम अगदी एकच आहे. पण पहिल्यात ते काम कुलूपबंद आहे आणि दुसऱ्यात उघडे आहे.

दुसरे लक्षण वाक्यरचनेचे. ‘खालील आकृतीत दिलेल्या माहितीच्या आधारे विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तराचा अचूक पर्याय क्रमांक निवडा’ हे वाक्य घ्या. त्यात क्रियापद शेवटी एकदाच येते. त्याआधी दोन धातुसाधित विशेषणे आणि षष्ठीच्या तीन कड्या एकापुढे एक ओवल्या आहेत. बोलीत हाच आशय सहसा सुट्या वाक्यांत सांगितला जातो : चित्र पाहा, प्रश्न वाचा, चारांपैकी बरोबर कोणते ते ठरवा, त्याचा आकडा लिहा. दहा वर्षांचे मूल सुटी वाक्ये धरून चालते. साखळी वाचताना पहिली कडी शेवटापर्यंत लक्षात ठेवणे हेच त्याला निराळे काम होऊन बसते.

तिसरे लक्षण नकाराचे. ‘पुढीलपैकी कोणते विधान अयोग्य नाही?’ ह्या प्रश्नात ‘अ’ आणि ‘नाही’ हे दोन नकार परस्परांस छेदतात. बोलीत दुहेरी नकार येतो तो बहुधा जोर देण्यासाठी, अर्थ उलटविण्यासाठी नव्हे. त्यामुळे विषय नीट समजलेले मूलही येथे चुकते, आणि त्याच्या चुकीचे स्वरूप विषय न समजलेल्या मुलाच्या चुकीसारखेच दिसते.

चौथे लक्षण खास भाषेच्या प्रश्नांत दिसते. ‘शुद्ध शब्द ओळखा’ ह्या प्रश्नास प्रमाणभाषक घरातील मूल कानाने उत्तर देते. वऱ्हाडी मुलाने कानावर विश्वास ठेवला तर त्याचा ‘ण’ आणि ‘ळ’ त्याला दगा देतात. त्याला डोळ्याने, म्हणजे वाचनाच्या आठवणीने, उत्तर द्यावे लागते. गोरमाटी मुलाची अडचण आणखी वेगळी. त्याच्या भाषेत दोनच लिंगे आहेत. ‘लिंग ओळखा’ ह्या प्रश्नातील नपुंसकलिंग ही कल्पना त्याच्या घरी अस्तित्वातच नाही. शाळेत ‘तो, ती, ते’ असे वारंवार म्हणवून घेऊन शिक्षक ती रुजवितो. ही पुनरावृत्ती दोन वर्षे थांबली.

ह्या लक्षणांचे महत्त्व गुणांच्या हिशेबात पाहावे. शिष्यवृत्ती परीक्षेत दोन प्रश्नपत्रिका मिळून ३०० गुण. त्यांपैकी प्रथम भाषेचे ५० आणि तृतीय भाषेचे ५०. गणित आणि बुद्धिमत्ता चाचणी ह्यांचे प्रत्येकी १००. वरवर पाहता मराठीचे मापन पन्नास गुणांपुरते आहे. परंतु मराठी माध्यमाच्या मुलास उरलेले दोनशे गुणही मराठी वाक्याच्याच दारातून मिळवावे लागतात. म्हणजे जिचे मापन पन्नास गुणांचे, तिची सत्ता मात्र अडीचशे गुणांवर चालते.

५

वर्गात ह्या अडचणीवर उपाय होता. तो कोणत्याही परिपत्रकात लिहिलेला नव्हता. शिक्षक प्रश्न वाचतो, क्षणभर थांबतो आणि म्हणतो, ‘म्हंजे काय करा लागते? याच्यातलं जे बसत नाही, ते काढा.’ हे वाक्य म्हणजे भाषांतरच होय. प्रमाण लेखी मराठीचे बोलीत आणि कित्येकदा तांड्यावरच्या शाळेत गोरमाटीत होणारे हे तोंडी भाषांतर रोज घडत असे. त्याची नोंद कोठेही होत नसे आणि चाचणीची सारी इमारत त्याच्यावर उभी असे.

चाचणी भ्रमणध्वनीवर आली तेव्हा हे भाषांतर मागे राहिले. ‘स्वाध्याय’ योजनेचा हेतू चांगला होता. घरी बसलेल्या मुलाला दर आठवड्यास काही सराव मिळावा आणि तो कोठे अडतो ते कळावे, हे योग्यच होते. परंतु यंत्राजवळ शेवटी पोचतो तो निवडलेला पर्याय. मुलाला बेरीज जमली नाही, की ‘अनुक्रमे’ कळले नाही, की वडील शेतात गेले म्हणून फोनच हाती नव्हता, हे त्या पर्यायावरून कळत नाही. जून-जुलै हा सोयाबीनच्या पेरणीचा आणि डवरणीचा हंगाम. घरात एकच फोन असेल तर तो कर्त्या माणसाबरोबर शेतात जाणार, हे सांगावयास सर्वेक्षणाची गरज नाही. २०२१ च्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणात देशातील २४ टक्के विद्यार्थ्यांनी घरी कोणतेही डिजिटल साधन नसल्याचे, तर ३८ टक्क्यांनी घरी शिकण्यात अडचण आल्याचे सांगितले. पहिल्या आकड्याची चर्चा खूप झाली. दुसऱ्या आकड्यात भाषेचा वाटा किती, हा प्रश्न मात्र विचारला गेला नाही.

पालकाची स्थिती ह्या व्यवस्थेत विलक्षण अवघड होती. त्याने मुलास चाचणीला बसवावे, पण उत्तर सांगू नये, म्हणजे तो पर्यवेक्षक. प्रश्न कळला नाही तर त्याने समजावून द्यावा, म्हणजे तो शिक्षक. आता प्रश्नाचा अर्थ सांगणे कोठे संपते आणि उत्तर सांगणे कोठे सुरू होते, ही रेषा प्रशिक्षित शिक्षकासही सहज ओढता येत नाही. ती आठवी शिकलेल्या आईने किंवा दहावीतल्या बहिणीने कशी ओढावी? परिणाम दोन प्रकारचे झाले असणार. काही घरांनी उत्तरे सांगून टाकली, काही घरांनी हात वर केले. दोन्ही प्रकारांत चाचणीचा आकडा मुलाविषयी खरे काही सांगत नाही.

ह्याच्या उलट बाजूस ‘टिलीमिली’ मालिका ठेवून पाहण्यासारखी आहे. घर, अंगण, परिसर आणि तेथील वस्तू ह्यांना तिने शिकण्याचे साहित्य मानले आणि घरातील मोठ्या माणसांना सोबत घेतले. म्हणजे शिकविण्याच्या बाजूने घराशी बोलण्याची रीत सापडू शकते, हे त्याच काळात सिद्ध झाले होते. मापनाच्या बाजूने ती शोधली गेली नाही. आमच्या टीकेचा रोख आहे तो ह्या विसंगतीवर.

६

ह्या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात.

पहिला असा की, अडचण भाषेची नव्हतीच. मुलांचे शिकणेच खरोखर मागे पडले होते. ‘असर’च्या ग्रामीण पाहणीनुसार दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्या तिसरीतील मुलांचे देशातील प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते, ते २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर आले. ही घसरण नाकारता येत नाही आणि नाकारण्याचा येथे हेतूही नाही. परंतु ही पाहणी कशी होते ते ध्यानात घ्यावे. पाहणी करणारा मनुष्य घरी जातो, मुलासमोर बसतो आणि काय करावयाचे ते तोंडी सांगतो. म्हणजे तेथे मधला मनुष्य शाबूत आहे. म्हणूनच तो आकडा वाचनाविषयी काही सांगू शकतो. घरी जाऊन, घरच्या माणसांसमोरही विश्वसनीय मापन करता येते ह्याचा हा पुरावा आहे आणि तो आमच्याच बाजूचा आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. औपचारिक लेखी मराठी शिकविणे हेच शाळेचे कार्य. चाचणीची भाषा सोपी केली तर शिकावयाचे ते काय उरले? ह्यास उत्तर असे की, भाषेच्या प्रश्नपत्रिकेत औपचारिक मराठी अवश्य तपासावी. गणिताच्या प्रश्नपत्रिकेत मात्र ती तपासून त्याला गणित म्हणू नये. शिवाय औपचारिक भाषा आणि क्लिष्ट भाषा ह्या एक नव्हेत. ‘गटात न बसणारा शब्द ओळखा’ हे वाक्य पूर्णतः प्रमाण मराठीतील आहे.

शासनयंत्रणा अशी सवलत देऊ शकते, हेही दिसून आले आहे. २०२२ च्या दहावी-बारावीच्या परीक्षांत राज्य मंडळाने ७० ते १०० गुणांच्या प्रश्नपत्रिकेस ३० मिनिटे आणि ४० ते ६० गुणांच्या प्रश्नपत्रिकेस १५ मिनिटे अधिक दिली. मुलांची लिहिण्याची सवय मोडली आहे, हे मंडळाने मान्य केले होते. हाताची मोडलेली सवय मान्य झाली; प्रश्न वाचून त्याचा अर्थ लावण्याची मोडलेली सवय मान्य झाली नाही. हात दिसतो, आकलनाची वाट दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

७

ह्या सर्वांत खरोखर पणाला लागलेली गोष्ट कोणती? शिष्यवृत्ती आणि नवोदय ह्या परीक्षा मुळात साधनहीन पण हुशार मुलास हात देण्यासाठी आहेत. वाशीमसारख्या जिल्ह्यातील खेड्यातून एखादे मूल नवोदय विद्यालयात पोचते तेव्हा त्याच्या घराच्या पुढच्या पिढीची दिशा बदलू शकते. अशा परीक्षेची भाषा शिकविणारा शिक्षक नाहीसा झाला, तेव्हा ती भाषा विकत मिळण्याचे ठिकाण तेवढे उरले : मार्गदर्शक पुस्तके, सराव संच आणि खाजगी वर्ग. ही पुस्तके विषयापेक्षा प्रश्नाची ठेवणच अधिक शिकवितात, आणि ज्याच्याजवळ पैसे आहेत त्याच्या घरी ती ठेवण पोचते. म्हणजे साधनहीनांसाठी काढलेल्या परीक्षेच्या दारावर साधनांचाच पहारा बसतो. त्यात अपयश आलेल्या मुलास ‘कच्चे’ म्हटले जाते, आणि तो शब्द मात्र घरच्या भाषेत लगेच समजतो.

उपाय फार खर्चाचे नाहीत. प्रत्येक चाचणीआधी त्या इयत्तेच्या प्रश्नांत वारंवार येणारे पंचवीस-तीस शब्द व रचना घेऊन, त्यांचा अर्थ बोलीत आणि उदाहरणासह सांगणारे एक पान किंवा दोन मिनिटांचे ध्वनिमुद्रण पालकांपर्यंत पोचवावे. वऱ्हाडी, गोरमाटी आणि उर्दू भाषक घरांसाठी ते वेगवेगळे असावे, आणि ते करण्यासाठी त्या भाषा बोलणारे शिक्षक त्याच जिल्ह्यात आहेत. भाषेखेरीज इतर विषयांत प्रश्न मोठ्याने वाचून दाखविण्यास स्पष्ट मुभा असावी, आणि अर्थ सांगणे कोठपर्यंत हे एका उदाहरणाने पालकांस दाखवावे. दुहेरी नकार आणि षष्ठीच्या साखळ्या प्रश्नपत्रिकेतून काढून टाकाव्यात. त्याने प्रश्न सोपा होत नाही, केवळ स्पष्ट होतो.

साथ ओसरली, शाळा पूर्ववत भरू लागल्या. तेव्हा हा विषय संपला असे कोणी म्हणेल. तसे नाही. २०२३-२४ पासून राज्यात तिसरी ते आठवीसाठी पायाभूत आणि संकलित अशा नियतकालिक चाचण्या घेण्यात येऊ लागल्या, आणि ४ डिसेंबर २०२४ रोजी ‘परख’ राष्ट्रीय सर्वेक्षण पार पडले. बहुपर्यायी प्रमाणित चाचणी आता नैमित्तिक राहिलेली नाही. अतिवृष्टीने, रस्ता तुटल्याने किंवा दुसऱ्या एखाद्या साथीने शाळा पुन्हा बंद पडतील तेव्हा चाचणी पुन्हा घरीच जाणार आहे.

म्हणून शेवटी आपल्याच विद्याशाखेविषयी दोन शब्द. वऱ्हाडीच्या ध्वनिव्यवस्थेवर, गोरमाटीच्या शब्दसंग्रहावर प्रबंध लिहिले जातात, आणि ते लिहिले पाहिजेत. पण ती भाषा बोलणारे मूल ज्या वाक्यासमोर अडते, त्या वाक्याचे वर्णन हेही आपलेच काम आहे. पदव्युत्तर वर्गातील एखाद्या विद्यार्थ्याने एका इयत्तेच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका घ्याव्यात, त्यांतील आज्ञावाक्यांची वर्गवारी करावी, आणि एका तालुक्यातील वीस-पंचवीस मुलांसमोर तोच प्रश्न दोन रूपांत ठेवून पाहावा : एकदा छापील ठेवणीत, एकदा सुट्या वाक्यांत. दोन उत्तरांमध्ये जे अंतर पडेल ते भाषेचे. उरेल ते विषयाचे. हे दोन हिशेब वेगळे करून दाखविता आले, तर परीक्षा परिषदेसमोर मांडण्यासारखे काहीतरी आपल्या हाती येईल.